पक्की कड, मोकळी कड : तंतुवाद्यांच्या साच्यांविषयी

तंतुवाद्य पूर्ण झाल्यावर त्याच्या साच्याचा एक कणही वाद्यात उरत नाही. लाकूड उरते, सरस उरतो, रोगण उरते. साचा काम संपले की भिंतीवरच्या खिळ्याला परत जातो. म्हणूनच असेल, वाद्यांवर लिहिणाऱ्यांनी लाकूड आणि रोगण यांच्यावर पानेच्या पाने खर्ची घातली आणि साच्याला दोन ओळींत आटोपले. खरे तर वाद्य घडवणाऱ्याचा पहिला मोठा निर्णय साच्यात होतो आणि तो मागाहून फिरवता येत नाही. फळी जाड राहिली तर आणखी तासता येते, घोडी बदलता येते, आतला खांब जरासा सरकवता येतो, रोगण उतरवून पुन्हा चढवता येते. धडाची लांबी, कमरेची रुंदी, आत मावणारी हवा या गोष्टी मात्र साचा कापला त्या दिवशीच ठरून जातात.

हे पुस्तक त्या निर्णयाविषयी आहे. त्यात मापे आहेत, कृती आहेत, आकृत्या आहेत. पण या सगळ्यांच्या तळाशी एकच विचार आहे आणि तो इथेच स्पष्ट करतो. कोणताही साचा वाद्याची एक बाजू पक्की धरतो आणि बाकीच्या बाजू कमीअधिक मोकळ्या सोडतो. सगळ्याच बाजू पक्क्या धरणारा साचा नाही आणि सगळ्या मोकळ्या सोडून वाद्य उभे राहत नाही. आपल्याला काय पक्के हवे आणि काय हाताच्या हवाली करायचे, हे ज्याला ठरवता येते त्यालाच साचा निवडता येतो. पुढची सर्व प्रकरणे हा एक प्रश्न वेगवेगळ्या वाद्यांना विचारतात.

सुरुवात व्हायोलिनपासून केली आहे, कारण साच्यांचा सर्वांत बोलका पुरावा या वाद्याने मागे ठेवला आहे. उत्तर इटलीतल्या क्रेमोना शहरात सोळाव्या शतकात आंद्रेआ आमातीने व्हायोलिनला जे रूप दिले, ते मुळात आजही तसेच आहे. त्याचा नातू निकोलो आमाती (1596–1684) याच्या पिढीत ही विद्या घराबाहेरच्या शिष्यांपर्यंत पोहोचली. पुढे अंतोनियो स्त्रादिवारीने ती ज्या उंचीवर नेली ती सर्वश्रुत आहे. 1737 मध्ये तो वारला. त्याच्या कारखान्यातले साचे आणि नमुने 1775 च्या सुमारास काउंट कोझिओ दि सालाबुए या संग्राहकाने स्त्रादिवारीचा मुलगा पाओलो याच्याकडून विकत घेतले. 1920 मध्ये जुझेप्पे फिओरिनी या व्हायोलिनकाराने ते एक लाख लिरा मोजून मिळवले आणि 1930 मध्ये क्रेमोना शहराला देऊन टाकले. 2013 मध्ये उघडलेल्या तिथल्या व्हायोलिन संग्रहालयात ते आज पाहायला मिळतात. एका कारागिराने दुसऱ्या कारागिराची हत्यारे पदरमोड करून वाचवली, म्हणून आपल्याला आज अंदाजावर विसंबावे लागत नाही. फिओरिनीचे हे ऋण या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाने मानले पाहिजे.

हे साचे दिसायला अगदी साधे आहेत. अक्रोडाची पातळ फळी, तिच्या कडेला सहा खाचा आणि आत दाब देण्यासाठी पाडलेली भोके. काहींवर अक्षरे कोरलेली आहेत : पी, एस, जी, पीजी, बी. पी म्हणजे पहिला, एस म्हणजे दुसरा, जी म्हणजे मोठा, पीजी म्हणजे त्याहूनही मोठा, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. काहींवर तारखाही आहेत. पीजीवर 1689 हे साल आहे. साच्यांवर आणि नमुन्यांवर कर्कटकाच्या टोकाने पडलेले बारीक टोचेही दिसतात. या वळणांची मांडणी पट्टी आणि कर्कटक घेऊन, प्रमाणे जुळवत केली होती, हे त्यांवरून कळते. सिमोने साक्कोनी यांनी 1972 मध्ये स्त्रादिवारीच्या कार्यपद्धतीवर आणि स्ट्युअर्ट पोलेन्स यांनी 1992 मध्ये केवळ त्याच्या व्हायोलिन-साच्यांवर ग्रंथ लिहिले. या क्षेत्रात येणाऱ्याला या दोन ग्रंथांना वळसा घालून जाता येणार नाही.

स्त्रादिवारीला एक परिपूर्ण आकार गवसला आणि तोच त्याने जन्मभर गिरवला, हा समज या साच्यांपुढे टिकत नाही. 1690 नंतरच्या काही वर्षांत त्याने धड लांबवले. नेहमीची व्हायोलिन 355 मिलिमीटरच्या आसपास असताना ही वाद्ये 363 च्या घरात गेली. 1700 च्या सुमारास तो पुन्हा आखूड, पण रुंद आकाराकडे वळला. त्याच्या सर्वांत गाजलेल्या वाद्यांपैकी बरीचशी यानंतरच्या दोन दशकांतली आहेत. एवढा मोठा कारागीर एकाहून अधिक साचे हाताशी बाळगत होता आणि पन्नाशीच्या आसपास आकाराचा नव्याने विचार करत होता, ही गोष्ट नवशिक्याने मनात कोरून ठेवावी.

क्रेमोनाचा साचा आतला असतो, म्हणजे वाद्याच्या कडेच्या पट्ट्या त्याच्या बाहेरून वळसा घेतात. सहा खाचांत विलो किंवा स्प्रूसचे ठोकळे सरसाच्या थेंबाने तात्पुरते चिकटवतात : एक मानेकडे, एक तळाशी आणि चार कोपऱ्यांत. ठोकळ्यांना नमुन्याप्रमाणे गोलाई देतात. मग मेपलच्या सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ओलावून तापल्या लोखंडावर वाकवतात. आधी कमरेच्या पट्ट्या लागतात, मग वरच्या आणि खालच्या. त्या चिकटतात फक्त ठोकळ्यांना. साच्याला त्या चिकटता कामा नयेत, म्हणून त्याच्या कडांना आधीच मेण किंवा साबण घासलेला असतो. पट्ट्यांच्या काठांना आतून बारीक अस्तरपट्ट्या लावतात. कमरेच्या अस्तरपट्ट्यांची टोके क्रेमोनाचे कारागीर कोपऱ्याच्या ठोकळ्यांत खाच पाडून बसवत. मग ठोकळे साच्यापासून अलगद सोडवून साचा काढून घेतात आणि हातात कडेचा सांगाडा उरतो. वरच्या फळीची आणि पाठीची बाह्यरेषा या सांगाड्यावरूनच आखली जाते.

या पद्धतीत पक्की राहते ती आतली हवा. पट्टी जरा जाड झाली तर वाद्य बाहेरून तेवढे वाढते. सांगाडा साच्यातून सुटताना किंचित उसळला, तर फळीची रेषा त्याच्यामागोमाग जाते. कोपरे तर साच्याच्या रेषेपलीकडेच असतात. ते ठोकळ्यांवर, नमुना आणि पटाशी यांच्या संगनमताने जन्मतात. म्हणून एकाच साच्यावरची दोन क्रेमोनी वाद्ये सख्ख्या भावंडांइतकी जवळची असूनही तंतोतंत एक नसतात आणि कारागिराचा हात कोपऱ्यांत सर्वांत लवकर ओळखू येतो.

इथेच एक हिशेब नीट समजून घ्यायला हवा, कारण बहुतेक बिघाड त्यात होतात. प्रसिद्ध व्हायोलिनची पूर्ण आकाराची छायाचित्रे आता सहज मिळतात. समजा, वाद्य 356 मिलिमीटर लांब आणि खालच्या भागात 208 मिलिमीटर रुंद आहे. ही फळीची मापे झाली. फळीचा काठ पट्टीच्या बाहेर सुमारे अडीच मिलिमीटर आलेला असतो आणि पट्टीची जाडी एक मिलिमीटर. म्हणजे एका बाजूला साडेतीन, दोन्हींकडून सात. साचा कापायचा तो 349 लांब आणि 201 रुंद. छायाचित्राची रेषा तशीच साच्यावर उतरवली तर 363 मिलिमीटरचे व्हायोलिन तयार होते. ते स्त्रादिवारीच्या लांब नमुन्याएवढे भरते, पण त्या नमुन्यामागचा विचार त्यात नसतो. घोडीची जागा सरकते, बोटांमधली अंतरे वाढतात आणि वादकाला जन्मभर त्याची भरपाई करत बसावे लागते.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये बाहेरचा साचा रुजला. पॅरिसमधला जाँ-बातिस्त व्हियोम (1798–1875) आणि त्याचे जन्मगाव मिरकूर ही त्या परंपरेची ठळक नावे. इथे साचा मोदकाच्या साच्यासारखा बाहेरून धरतो. पट्ट्या त्याच्या पोकळीत आतून दाबून बसवतात आणि ठोकळे मागाहून चिकटवतात. पट्टीची जाडी कमीजास्त झाली तर फरक आत जिरतो, बाह्यरेषा हलत नाही. कोपरेही दर वेळी त्याच जागी येतात. याचा परिणाम कामाच्या रचनेवर झाला. प्रत्येक सांगाड्याची रेषा सारखीच येणार असेल, तर फळ्या आधीच कापून ठेवता येतात. एकाने पट्ट्या वाकवायच्या, दुसऱ्याने फळ्या तासायच्या, तिसऱ्याने माना कोरायच्या. मिरकूरच्या मोठ्या कारखान्यांना हा साचा मानवला त्याचे कारण हेच. व्हियोमसारख्याला तो वेगळ्या कारणाने हवा होता. जुन्या क्रेमोनी वाद्यांच्या हुबेहूब प्रतिकृती ही त्याची ख्याती होती आणि प्रतिकृतीत बाहेरची रेषा चुकून चालत नाही. बाहेरच्या साच्याला कारखान्याचा म्हणून कमी लेखणाऱ्यांनी व्हियोमचे काम एकदा डोळसपणे पाहावे.

साच्याशिवायही वाद्ये झाली आणि होतात. सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शेन परिसरात असंख्य स्वस्त व्हायोलिन थेट पाठीवर पट्ट्या उभ्या करून बनवली गेली. अशा वाद्यात डोकावले तर कोपऱ्यांत खरे ठोकळे बऱ्याचदा नसतातच. स्पॅनिश गिटारचा मार्ग आणखी निराळा आहे. अंतोनियो दे तोरेस (1817–1892) याने जिला आजचे रूप दिले, त्या गिटारच्या परंपरेत वाद्य ‘सोलेरा’ नावाच्या पाटावर पालथे घडते. पाटाला हलकी खोलगट जागा कोरलेली असते. वरची फळी तिच्यात बसली की तिला सौम्य घुमट येतो. मान फळीला आधी जोडतात, कडेच्या पट्ट्या मानेच्या टाचेतल्या खाचांत अडकवतात आणि छोट्या छोट्या ठोकळ्यांनी त्या फळीला चिकटवत जातात. पाठ सर्वांत शेवटी लागते. इथे पक्के काय? फळीचा घुमट आणि मानेचा कोन, म्हणजे गिटारचा आवाज आणि तारांची उंची जिथे ठरते तेच. कडेची रेषा कारागिराच्या नजरेवर सोडलेली असते. ल्यूटमध्ये तर साचा म्हणजे अख्खे पोटच असते. लाकडाच्या अरुंद पाकळ्या त्या भरीव आकारावर वाकवून एकमेकींना जोडतात. 1440 च्या सुमारास आर्नो द झ्वोले याने लिहिलेल्या हस्तलिखितात ल्यूटबरोबर तिच्या साच्याचीही मांडणी दिलेली आहे. साच्याला स्वतंत्र विचाराचा विषय मानण्याची प्रथा इतकी जुनी आहे.

मराठी वाचकाला हे सारे वाचताना मिरज आठवणे स्वाभाविक आहे आणि आठवलेच पाहिजे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे वाद्यांचे काम सुरू केले आणि त्या पेठेने देशभरच्या गवयांना तंबोरे पुरवले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याच्या पोटाला साचा नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात वाढलेला भोपळा आपला आकार घेऊनच येतो. कारागीर तो कापतो, भिजवतो, आतून काठ्यांचा आधार देऊन सुकवतो, आणि मग त्या भोपळ्याला शोभेल अशी तबली म्हणजे वरची फळी, गुलू म्हणजे पोट आणि दांडी जोडणारा गळा, आणि दांडी बेततो. युरोपात साचा आधी आणि लाकूड त्याच्यामागे. मिरजेत पोट आधी आणि बाकीचे लाकूड त्याच्यामागे. पुरुषी गळ्याला मोठा भोपळा, बायकी गळ्याला लहान, ही निवड साचा निवडण्यासारखीच आहे; फरक एवढाच की ती भोपळ्यांच्या ढिगापुढे उभे राहून करायची असते. निसर्गाने पक्के करून दिलेल्या आकाराभोवती बाकीचे सगळे मोकळे ठेवून काम करणारी ही पद्धत मी या पुस्तकात साच्यांच्या बरोबरीने मांडली आहे. सारंगी आणि सरोद यांचे धड एकाच लाकडातून कोरून काढतात. तिथे साच्याऐवजी नुसता नमुना पुरतो. त्यांच्यावर एक लहान प्रकरण आहे.

साचा निवडताना पहिला प्रश्न वादकाचा. स्त्रादिवारीने 1690 मध्ये फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यासाठी वाद्ये केली. त्यांतला मोठा, टेनर व्हायोला सुमारे 48 सेंटिमीटर धडाचा आहे आणि लहान, काँट्राल्टो व्हायोला 41 च्या आसपास. दोन स्वरांच्या दोन गरजा आणि दोन वेगळे साचे. दोन्ही साचे आज क्रेमोनात आहेत. चेलोची कथा त्याहून बोधप्रद आहे. सतराव्या शतकातले चेलो 79 सेंटिमीटरच्या आसपासचे, घनगंभीर साथ करणारे होते. पुढे वादक वरच्या सप्तकात चढू लागले, एकल वादन वाढले, आणि 1707 च्या सुमारास स्त्रादिवारीने ‘बी’ आकार आणला : सुमारे 75 ते 76 सेंटिमीटर. आजच्या चेलोचे माप बहुतांशी त्याच आकाराच्या वाटेने चालते. मोठे धड अधिक घुमते हे त्याला ठाऊक नसेल असे नाही. पण हात पोहोचला तरच आवाज निघतो.

आपल्याकडेही हा प्रश्न जिवंत आहे. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी ज्या वाद्यावर रागसंगीत उभे केले, ते धडाने युरोपीय व्हायोलिनच होते. बदलली ती बैठक आणि तारांची जुळणी. गोव्यात चर्चच्या शाळांतून व्हायोलिन शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद सजवले, तेही याच मापावर. हिंदुस्थानी वादक तारा सहसा खाली लावतो म्हणून त्याला मोठ्या साच्यावरचे वाद्य द्यावे, असा सल्ला कुणी कुणी देतो. मला तो पटत नाही. मींड आणि गमक ज्या अंतरांवर बोटांत मुरलेली असतात ती अंतरे धड लांबवले की बदलतात. खालच्या सुरांचा भरदारपणा हवा असेल तर लांबी 355 च्या आसपास राखून खालच्या भागात किंचित रुंद असलेला साचा निवडावा आणि उरलेले काम फळ्यांच्या जाडीवर सोपवावे. वाद्ये किती करायची, हा दुसरा प्रश्न. एखाददुसरे, मनासारखे वाद्य करणाऱ्याला आतला साचा. एकाच मापाची वाद्ये ओळीने करणाऱ्या कारखान्याला बाहेरचा. एकाने दुसऱ्याची नक्कल केली तर दोघांचेही नुकसान होते.

तिसरा प्रश्न हवेचा, आणि परदेशी पुस्तके तो आपल्यासाठी सोडवून देत नाहीत. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात लाकूड फुगते आणि फाल्गुन-चैत्रात देशावर ते आटते. अखंड लाकडाच्या साच्याची रुंदी या फरकाने एक-दीड मिलिमीटर सहज बदलू शकते. जिथे पट्टीचीच जाडी एक मिलिमीटर, तिथे हा फरक थोडा नाही. म्हणून अक्रोडाचा मान राखूनही मी चांगल्या, सपाट प्लायवुडची शिफारस करतो. जाडी 12 ते 18 मिलिमीटर; पातळ साचा सांगाड्यातून सहज निघतो, जाड साचा पट्टीला काटकोनात धरून ठेवतो. दोन-तीन तुकड्यांत सुटणारा साचा केला तर हे दोन्ही साधते. लाकूड कोणतेही असो, कड फळीशी काटकोनात असणे हा साच्याचा प्राण आहे. दर बोटभर अंतरावर गुण्या लावून पाहावा, कानस हलकी चालवावी. अर्धा नमुना पातळ ॲल्युमिनियमचा करावा, मध्यरेषेवरच्या दोन खिळ्यांवर तो उलटून दुसरी बाजू आखावी. डावे-उजवे आपोआप जुळते. लेझरने कापून आणलेल्या प्लायवुडची कड बहुधा किंचित तिरकी असते, तेव्हा तीही गुण्याखालून गेली पाहिजे. यंत्राने रेषा बिनचूक मिळते. कोणती रेषा कापायची, हे यंत्र सांगत नाही.

पुस्तकाची रचना याच क्रमाने आहे : आधी जुने साचे कसे वाचायचे, मग मापांचा हिशेब, मग आतला साचा, बाहेरचा साचा, सोलेरा आणि ल्यूटचे पोट, त्यानंतर मिरजेची पद्धत, आणि शेवटी हत्यारे व कृती. ज्यांना वाद्य घडवायचे नाही, फक्त दुरुस्त करायचे आहे, त्यांनी पहिली प्रकरणे सोडू नयेत. जुन्या वाद्याच्या आत आरसा घालून ठोकळे आणि अस्तरपट्ट्या पाहिल्या की ते कोणत्या पद्धतीने घडले याचा मोठा उलगडा होतो आणि दुरुस्तीत कुठे हात लावायचा नाही हे कळते. ज्यांना केवळ ऐकण्याची आवड आहे, त्यांनी हिशेबाची पाने चाळली तरी चालतील. पण निवडीविषयीची प्रकरणे सावकाश वाचावीत.

महाराष्ट्रात आणि गोव्यात व्हायोलिन वाजवणारे पिढ्यान्पिढ्या आहेत. लाकडाची जाण असलेले हातही आहेत. मिरजेत तर ती जाण घराघरांत आहे. या दोघांची गाठ पडावी, आपल्या हवेला, आपल्या बैठकीला, आपल्या गायकीला साजेसे साचे इथल्या कारखान्यांत तयार व्हावेत, यासाठी हा खटाटोप आहे. वाचकाने इथला एखादा साचा जरूर उतरवून घ्यावा. मात्र त्यावरचे पहिले वाद्य पूर्ण झाल्यावर ते वादकाच्या हाती द्यावे, त्याची तक्रार मन लावून ऐकावी आणि पुढचा साचा त्या तक्रारीप्रमाणे कापावा. प्रत्येक साच्यावर माप कुठून घेतले, पट्टी किती जाड धरली, काठ किती सोडला आणि तारीख कोणती, हे शाईने लिहून ठेवावे. अशी दहा-वीस कारखान्यांतली नोंद जमली, की मराठीत या विषयावर याहून चांगले पुस्तक लिहिता येईल, आणि ते लवकर लिहिले जावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.